थकलेल्या पायांना घरच्या घरी बळ

‘वडिलांचे वय ८२ आहे. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनिया होऊन आठ दिवस दवाखान्यात होते. आता ताप नाही, खोकला नाही, तपासण्या सर्व व्यवस्थित आहेत. पण पलंगावरून आपले आपण उठवत नाही. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आहे, हळूहळू जाईल. त्यांना कोणते टॉनिक द्यावे?’

अशा अर्थाची विचारणा या सदराकडे वरचेवर होते. गावे वेगळी, आजार वेगळे, पण प्रश्न शेवटी टॉनिकवरच येऊन थांबतो. टॉनिकबद्दल पुढे लिहिणारच आहे. त्याआधी या ‘अशक्तपणा’कडे जरा नीट पाहू. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या गावात अजूनही बरेच लोक मला ‘शेक देणाऱ्या बाई’ म्हणून ओळखतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण गुडघा-कंबर दुखल्याखेरीज आमची आठवण कोणाला होत नाही. परंतु गेली काही वर्षे माझा निम्मा वेळ घरोघरी जाऊन अशा थकलेल्या आजी-आजोबांना उठवण्यातच जातो, म्हणून हा विषय घेतला आहे.

आजार बरा झाल्यावरही मागे राहणारा हा अशक्तपणा बहुतेक वेळा मांड्यांच्या आणि नितंबांच्या स्नायूंमध्ये असतो. माणूस बसल्या जागेवरून उठतो तो या स्नायूंच्या जोरावर. वयाबरोबर स्नायू झडत जाण्याला वैद्यकशास्त्रात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेतील शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवला. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाची उणीव असा आहे. ‘अंगावर मांस राहिलं नाही’ असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका पूर्वापार म्हणत आल्या, ते याहून वेगळे नव्हे.

हे झडणे एरवी संथ असते. अंथरुण धरले की मात्र ते धावत सुटते. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या, कोणताही आजार नसलेल्या स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील चरबी सोडून उरलेल्या मांसाचे वजन जवळपास एक किलोने घटले. ही धडधाकट माणसांची गत. आता पत्रातल्या ८२ वर्षांच्या वडिलांचा विचार करा. शरीर आधीच झिजलेले, त्यात ताप, अन्नावर वासना नाही, हाताला सलाईन. आठ दिवसांत जे गेले ते ‘हळूहळू’ आपोआप परत येत नाही. ते परत मिळवावे लागते.

लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली वृद्धांमधील दुर्बलता ओळखण्याच्या पाच खुणा सांगितल्या. वर्षभरात काही न करता वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड ढिली पडणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि एकंदर हालचाल कमी होणे. यातील तीन किंवा अधिक असल्यास ती व्यक्ती दुर्बल समजावी आणि एक-दोन असल्यास ती त्या वाटेवर आहे असे समजावे. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचे तर पोलके सैल होऊ लागते, लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही, देवळाच्या रस्त्यावर मागून येणारा प्रत्येक जण पुढे निघून जातो. या गोष्टी घरच्यांना दिसत असतात, पण ‘वय झालं’ या सदरात टाकल्या जातात.

सेवा कुठवर करावी?

आपल्याकडे आई-वडिलांची सेवा म्हणजे त्यांना काहीही करू न देणे, असा एक समज आहे. पाण्याचा तांब्या हातात, ताट पलंगावर, औषध तोंडात. यामागचे प्रेम मला दिसते, पण याच प्रेमाने कितीतरी चालती माणसे अंथरुणाला खिळलेली मी पाहिली आहेत.

एका घरातील गोष्ट सांगते. सासूबाई ७९ वर्षांच्या. डेंग्यू झाला, त्यातून वाचल्या, घरी आल्या आणि पलंगावरच राहिल्या. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली होती. दिवसातून सहा-सात वेळा सून त्यांना काखेत हात घालून उचलायची आणि खुर्चीवर ठेवायची. सुनेचे वय ५४, तिची कंबर आधीच गेलेली. मला बोलावले होते खरे तर सुनेच्या कंबरेसाठी. मी आजींना विचारले, ‘आजी, तुम्हाला काय करावंसं वाटतं?’ त्या सुनेकडे न पाहता म्हणाल्या, ‘मला मोरीपर्यंत जाता आलं म्हणजे झालं. ही खुर्ची नको वाटते गं माणसात.’ पलंगापासून मोरी चौदा पावलांवर होती. मी मोजली.

मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. तो फोनवर म्हणाला, ‘मॅडम, आईला उठवू नका. पडली, मांडीचं हाड मोडलं तर कोण जबाबदार?’ प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना एवढेच विचारले, की आत्ता त्या पडत नाहीत का? तेव्हा सुनेनेच सांगितले, की उचलताना दोनदा निसटल्या होत्या, पण फोनवर कळवले नव्हते. पायांत जोर नसलेल्या माणसाला बसवून ठेवले म्हणून पडण्याचा धोका टळत नाही. ज्या दिवशी रात्री हाक कोणाला ऐकू जात नाही आणि ते माणूस नाइलाजाने स्वतः उठायला जाते, त्या दिवसावर तो ढकलला जातो, इतकेच. मुलाने ‘दोन महिने करून पाहा’ म्हटले आणि आम्ही सुरुवात केली. पुढे काय झाले ते ओघात येईलच.

नव्वदीतही स्नायू वाढतो

‘या वयात काय व्यायाम?’ असे विचारणाऱ्यांसाठी बोस्टनचे उदाहरण देते. तेथील वृद्धांच्या एका संस्थेत डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. मांडीतला स्नायूही भरला. पुढे व्यायाम बंद केल्यावर मात्र चारच आठवड्यांत ताकद सुमारे एक तृतीयांशाने उतरली. हा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे.

आता कोणी म्हणेल, ती परदेशी संस्था, तिथे यंत्रे, माणसे, सर्व काही. आपल्या घरी काय आहे? त्याचे उत्तर न्यूझीलंडमधून मिळते. ड्युनेडिन शहरातील ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी घरच्या घरी करण्याचे पाय मजबूत करणारे आणि तोल सांभाळणारे व्यायाम बसवले. फिजिओथेरपिस्ट सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाऊन शिकवीत, बाकी सारे त्या व्यक्तीने स्वतः करायचे. साधने म्हणाल तर पायाला बांधायचे वजन आणि धरायला काहीतरी भक्कम. ८० वर्षांवरील २३३ स्त्रियांवर याची चाचणी झाली. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात एकूण १५२ वेळा पडण्याचे प्रसंग आले, व्यायाम करणाऱ्या जवळपास तेवढ्याच स्त्रियांमध्ये ८८ वेळा. हे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि आज ‘ओटागो व्यायाम’ या नावाने ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात असे काहीच नाही, जे आपल्या माजघरात होणार नाही.

आधी परीक्षा, मग व्यायाम

सुरुवात करण्यापूर्वी दोन गोष्टी करून पाहाव्यात. हत्याची नसली तरी चालेल, पण घट्ट बैठकीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. (प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून सरकते, ती या कामाला घेऊच नये.) हात छातीवर घडी घालून एकदा उठता येते का पाहा. दुसरे, जमिनीवर दहा फुटांवर खडूने दोन रेघा काढा आणि एका रेघेपासून दुसरीपर्यंत जाऊन परत यायला, झपाझप चालूनही, दहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो का ते घड्याळावर बघा. शेजारी कोणीतरी उभे असावे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. थॉमस गिल यांनी आपल्या अभ्यासासाठी हेच दोन निकष लावले होते. एकात नापास म्हणजे मध्यम दुर्बल आणि दोहोंत नापास म्हणजे तीव्र दुर्बल. ७५ वर्षांवरील, घरीच राहणाऱ्या १८८ जणांवर हा अभ्यास झाला. सहा महिने घरी जाऊन व्यायाम करून घेतले. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले, की मध्यम दुर्बल व्यक्तींचे परावलंबित्व लांबले, तीव्र दुर्बल व्यक्तींना मात्र तसा फायदा झाला नाही.

माझा अनुभवही हाच आहे. म्हणूनच ‘अजून चालतंय ना, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांवर मी जरा चिडते. उठताना हाताचा आधार घ्यावा लागू लागला, तीच व्यायामाची वेळ असते.

सर्वात महत्त्वाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणे आणि बसणे. दुसरे काही जमले नाही तरी हा करावा. खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकून बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे वाकावे आणि मग उठावे. बहुतेक वृद्ध माणसे पुढे वाकायला घाबरतात, सरळ वर उठू पाहतात आणि धप्पकन मागे बसतात. त्यांना ताकदीइतकीच ही युक्तीही शिकवावी लागते. बसताना सावकाश, मनात तीन अंक मोजत बसावे. स्नायू घडतो तो या बसण्यातही. अजिबातच उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट दुमडलेले घोंगडे किंवा दोन सतरंज्या घालून बैठक उंच करावी. ती सरकत नाही ना, हे आधी पाहावे. आठवड्याला एक घडी कमी करीत जावे. आमच्या आजींनी पहिल्या दिवशी दोन सतरंज्यांवरून, ओट्याला धरून, दोनदा उठून दाखवले आणि घाम पुसला. पाच वेळा जमायला बारा दिवस लागले. महिन्याने सतरंज्या निघाल्या.

दुसरा व्यायाम मांडीसाठी. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, क्षणभर धरायचा, सावकाश खाली आणायचा. वजन न लावता दहा वेळा सहज होऊ लागले की पायाला वजन बांधावे. विकतची पट्टी आणायची गरज नाही. जुन्या जाड कापडाची लांबट पिशवी शिवून तिच्यात धुऊन वाळवलेली अर्धा किलो वाळू भरावी, दोन्ही टोकांना रुंद नाड्या लावाव्यात. किराणा दुकानदार आनंदाने मोजून देतो. मधुमेह असणाऱ्यांनी नाडी करकचून बांधू नये आणि सोडल्यावर त्वचेवर लाली वा वळ उरत नाही ना, हे रोज पाहावे.

उभ्याने करायचे व्यायाम स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून करावेत. ओट्यासारखा आधार नाही, तो हलत नाही, घसरत नाही आणि उंचीही बेताची असते. दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, मग चवडे उचलून टाचांवर. एक पाय बाजूला उचलणे. ओट्याच्या कडेने खेकड्यासारखे बाजूबाजूने चालणे. तोलासाठी एका पावलापुढे दुसरे पाऊल टाच-बोट जुळवून दहा सेकंद उभे राहणे. सुरुवातीला दोन्ही हातांनी धरावे, मग एका हाताने, मग नुसती बोटे टेकवून. मागे खुर्ची ठेवावी, म्हणजे दमल्यास तेथल्या तेथे बसता येते.

किती करावे? शेवटचे दोन वेळा करताना ‘आता पुरे’ असे वाटले पाहिजे, इतके. ज्याने दहा वेळा करूनही काही वाटत नाही, त्याला तो व्यायाम हलका झाला, त्याचे वजन वाढवावे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावे. स्नायूंना भरून यायला तो मधला दिवस लागतो. सोडलेल्या दिवशी घरातल्या घरात वा अंगणात चालावे. एका दमात होत नसेल तर सकाळी थोडे, दुपारी चहानंतर थोडे, असे वाटून घ्यावे. उठताना श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब चढतो. यावर उत्तम उपाय म्हणजे मोठ्याने आकडे मोजणे. आमच्या आजी आकड्यांऐवजी नातवंडांची नावे घेत. नावे सात, तेव्हा सातच वेळा व्हायचे. मग मी त्यांना सुनांची नावेही जोडायला लावली.

थांबावे कुठे?

छातीत दुखणे किंवा दाटणे, चक्कर, बोलताही येणार नाही इतका दम, छातीत विचित्र धडधड, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, हाड मोडून अद्याप जुळलेले नाही किंवा अंगात ताप आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरुवात करू नये. सांध्यात चमक आली तर थांबावे. मात्र दुसऱ्या दिवशी मांड्या जराशा अवघडल्या तर घाबरून सोडून देऊ नये, नव्याने शेतात राबायला गेलेल्याच्याही अवघडतात.

पलंगावरून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तक्रार फार आढळते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असे होते. अशांनी कडेवर दोन मिनिटे बसावे, घोटे वर-खाली हलवावेत आणि मग उभे राहावे. अंधारी नेहमीच येत असेल तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे, गोळी मनाने बंद करू नये. व्यायामाच्या जागेवरून पायपुसणी, गोधडीचे तुकडे, लोंबत्या वायरी काढून टाकाव्यात. धोतर वा पातळ पायात येणार नाही असे खोचावे. नुसते पायमोजे घालून फरशीवर उभे राहू नये.

आणि जे अगदीच अंथरुणाला लागले आहेत त्यांचे काय? एक निवृत्त तलाठी, वय ८६, हृदय कमकुवत, शिवाय कंपवात. तीन महिने प्रयत्न करूनही ते चालू शकले नाहीत आणि चालतील असे मी त्यांच्या घरच्यांना सांगितलेही नव्हते. पण उताणे झोपून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलणे त्यांना जमू लागले. त्यामुळे चादर आणि कपडे बदलताना दोन माणसांच्या जागी एक माणूस पुरू लागला. कुशीवर स्वतः वळता येऊ लागले. दिवसातून दोनदा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, आधाराने बसून ते पेपर वाचत. या सदरातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनीच मला दाखवल्या आहेत.

टॉनिकचे काय?

आता मूळ प्रश्न. १९९४ साली बोस्टनच्याच मंडळींनी सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० दुर्बल वृद्धांवर दहा आठवड्यांचा अभ्यास केला. काहींना व्यायाम, काहींना पूरक पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातले काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पेय घेणाऱ्यांचा अशक्तपणा कमी झाला नाही. तेव्हा हजार-हजार रुपयांच्या पावडरीचा डबा आणून वडिलांना पलंगावर झोपवूनच ठेवले, तर त्या पैशाचे काय होते ते वाचकांनीच ठरवावे.

याचा अर्थ खाण्याकडे दुर्लक्ष करावे असा नाही. उलट, व्यायाम सुरू केल्यावर प्रथिनांची गरज असतेच. वृद्धांनी रोज दर किलो वजनामागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ४५ किलोच्या आजींना ४५ ते ५४ ग्रॅम. आपल्या म्हाताऱ्या माणसांचा आहार मात्र चहात बुडवलेली पोळी, मऊ भात आणि पातळ वरणाचे वरचे पाणी यावर येऊन ठेपतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, पेलाभर दुधातही जवळपास तेवढीच. घट्ट वरण, दही, मऊ शिजवलेली मोडाची मटकी, दात नसल्यास शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असल्यास मासे, हे प्रत्येक जेवणात थोडे थोडे यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

पत्रातल्या वडिलांसाठी, एकदा तरी फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून किंवा त्यांना नेऊन व्यायाम ठरवून घ्यावेत. केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी फिजिओथेरपीची तरतूद आहे. तेथे चौकशी करावी. जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि दवाखान्यातून घरी सोडतानाचा कागद सोबत न्यावा.

डेंग्यूतून उठलेल्या त्या आजी दहाव्या आठवड्यात काठी घेऊन मोरीपर्यंत जाऊ लागल्या, सून मागून चालत असे. आता दिवसा एकट्या जातात. रात्री अजून हाक मारतात आणि त्यासाठी त्यांच्या उशाशी घंटा ठेवली आहे. कमोडची खुर्ची माडीवर गेली. सुनेची कंबर अद्याप दुखते, तिचे व्यायाम ती करीत नाही.

एवढी काळजी घेऊनही कोणी पडलेच, तर जमिनीवरून कसे उठावे आणि घरच्यांनी कसे उठवावे, ते पुढील आठवड्यात पाहू.